हुकूम कुणी दिला? युद्धाच्या खुळेपणावरचे सिनेमे पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

आमच्या राजेंद्र नगरातल्या घरी एक रविवार सोडून एक रविवार, सकाळी दहाला सिनेमा लागतो. माणसं सात-आठ, पडदा म्हणजे आईची जुनी पांढरी चादर, प्रोजेक्टर भाच्याने टाकून दिलेला. मध्यंतरात पोहे. दीडएक वर्षापूर्वी मी जाहीर केलं की आता काही महिने युद्धावरचे सिनेमे पाहायचे, पण शौर्याचे नव्हेत, युद्धाच्या वेडेपणाचे. आणि पहिल्याच रविवारी घोडचूक केली. यादीतला सगळ्यात थोर कोणता म्हणतात ते बघून एलेम क्लिमोवचा 'कम अँड सी' लावला. पाऊण तासाने शेजारच्या वहिनी "गॅस चालू राहिलाय वाटतं" म्हणत उठल्या, त्या परत आल्याच नाहीत. दिवे लावले तेव्हा कुणी कुणाकडे बघत नव्हतं आणि पातेलंभर पोहे तसेच होते. इंदुरात पोहे उरले, यावरून काय ते ओळखा.

म्हणून हा लेख. सिनेमे तेच, पण कोणत्या क्रमाने पाहायचे, पाहताना लक्ष कुठे ठेवायचं आणि कोणाला कोणत्या दिवशी घरी बोलवायचं नाही, एवढं सांगते. मी समीक्षक नाही. एका सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत एकतीस वर्षं काढलेली बाई आहे. पण या सिनेमांसाठी ती शिदोरी फार कामाला येते, ती कशी ते पुढे येईलच.

आधी जात ओळखा

युद्धपट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रणगाडे, वाळवंट आणि छाती फुगवून बोललेले संवाद येतात. ते सिनेमे वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. मीही टाळ्या वाजवल्या आहेत. पण त्यात शत्रू कोण हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या सिनेमांत नेमकं तेच कळत नाही. पाहताना अर्ध्या तासाने स्वतःला विचारा, "यात आपला शत्रू कोण?" उत्तर देताना जीभ अडखळली, तर तुम्ही बरोबर दुकानात आला आहात.

आणि एक. वेडेपणा म्हणजे आरडाओरडा, रक्त, डोळे फिरवणारे सैनिक असा समज असेल तर तो दाराबाहेर ठेवा. या सिनेमांतली बहुतेक माणसं शुद्धीवर असतात. नेमून दिलेलं काम ती नीट करत असतात. वेडेपणा त्या नीटपणातून येतो.

माझं उदाहरण देते. एकदा एक निवृत्त गृहस्थ हयातीचा दाखला घेऊन माझ्या खिडकीशी आले. यंदाचा होता, गेल्या वर्षीचा नव्हता. मी म्हटलं, गेल्या वर्षीचाही लागेल. ते म्हणाले, "बाई, मी यंदा जिवंत आहे म्हणजे गेल्या वर्षीही असणारच ना?" मी परिपत्रक दाखवलं. परिपत्रक बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी ते खरोखरच गेल्या वर्षी जिवंत असल्याचा दाखला घेऊन आले. तो ज्याने दिला तोही शुद्धीवर होता, आणि मी तो फाइलीला लावला तेव्हा मीही. आता या साखळीच्या टोकाला दाखल्याऐवजी तोफ आहे असं समजा. झाला तुमचा सिनेमा.

पायरी पहिली: 'नो मॅन्स लँड' (२००१)

सुरुवात इथून करा. आपल्या लोकांना बोलावण्यासाठी एक हुकमी वाक्यही आहे: "'लगान'चं ऑस्कर ज्याने नेलं तो सिनेमा." मार्च २००२ मध्ये परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर बोस्नियाच्या डॅनिस तानोविचच्या या सिनेमाला मिळालं आणि आपण सगळे चिडलो. वीस वर्षांनी पाहिल्यावर माझा तरी राग गेला.

गोष्ट १९९३ ची, बोस्नियातल्या युद्धातली. दोन सैन्यांच्या मधोमध एक ओसाड खंदक. त्यात दोन माणसं अडकतात, एक बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातला मुसलमान, चिकी आणि दुसरा सर्ब निनो. तिसरा, चिकीचा साथीदार, मेला असं समजून त्याच्या अंगाखाली सुरुंग पेरलेला आहे. तो उठला की सुरुंग उसळून फुटणार. आणि तो मेलेला नाही. त्याला शुद्ध येते.

सगळा सिनेमा म्हणजे हा पडून राहिलेला माणूस. त्याला खाज सुटते, त्याला लघवीला जायचं असतं, त्याच्या चेहऱ्यावर ऊन येतं. बाजूला दोघांचं भांडण चाललेलं: युद्ध सुरू कोणी केलं? इथे नीट बघा. ज्याच्या हातात बंदूक, तो दुसऱ्याला विचारतो, "बोल, कोणी सुरू केलं?" आणि समोरचा निमूट म्हणतो, "आम्ही." थोड्या वेळाने बंदूक इकडची तिकडे जाते. तोच प्रश्न, तेच उत्तर, फक्त देणारा बदललेला. आमच्याकडे या जागी सगळे हसले आणि हसता हसता थांबले. ते थांबणं कळलं की बाकीचे सिनेमे कसे पाहायचे ते वेगळं सांगावं लागत नाही.

मग संयुक्त राष्ट्रांचे लोक येतात. एका सार्जंटाला खरोखर मदत करायची आहे, पण वरून परवानगी नाही. वरच्याला त्याच्याही वरून नाही. पत्रकार कॅमेरे घेऊन येतात. प्रत्येकाला आपलं काम करायचंय, आणि त्या प्रत्येकाच्या कामात खंदकातला माणूस वाचवणं हे मात्र कोणाचंच काम नाही. शेवट सांगत नाही. शेवटचं दृश्य दिसलं की रिमोटला हात लावू नका, एवढंच.

एक छोटी जागा आहे ती सुटू देऊ नका. खंदकात बसलेला एक बोस्नियन सैनिक पेपर वाचतोय आणि हळहळतो: रवांडात काय भयंकर चाललंय! हा विनोद लिहायला माणूस त्या मातीतलाच लागतो. तानोविच युद्धाच्या काळात बोस्नियाच्या सैन्याबरोबर कॅमेरा घेऊन फिरलेला होता.

सिनेमा पावणेदोन तासांच्या आतला आहे. चार भाषा बोलल्या जातात, त्यामुळे खालच्या ओळी वाचाव्याच लागतात.

त्या खालच्या ओळींबद्दल

सबटायटल्सची सवय नसलेल्यांचा उत्साह इथेच मावळतो, म्हणून थोडं थांबते. हिंदीत डब केलेली प्रत मिळाली तरी घेऊ नका. या सिनेमांत कोण कोणत्या भाषेत बोलतो आणि समोरच्याला ती कळत नाही, यातच निम्मी गंमत असते. पहिली वीस मिनिटं वाचायला जड जातं. तेवढा वेळ रिमोट हातात ठेवा, ओळ निसटली तर सरळ दहा सेकंद मागे जा, कोणाला लाजू नका. वीस मिनिटांनंतर डोळ्यांना सवय होते. आमच्या आईने पंच्याऐंशीव्या वर्षी ही सवय लावून घेतली. तिच्यासाठी अक्षरं मोठी करून पिवळी केली, एवढंच. सेटिंगमध्ये ती सोय बहुतेक ठिकाणी असते.

टीव्हीवर पाहणार असाल तर हलती चित्रं गुळगुळीत करणारी सोय बंद करा. तिने जुना सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. कृष्णधवल असेल तर खिडक्यांवर जाड पडदे हवेत. आणि पात्रांची नावं एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा. परदेशी गणवेशात सगळे सारखेच दिसतात, आणि "हा कोण होता?" हा प्रश्न दर पाच मिनिटांनी आला की बाजूच्याचा सिनेमा संपलाच.

पायरी दुसरी: कागद शोधा

आता मुख्य युक्ती. या जातीच्या प्रत्येक सिनेमात एक कागद असतो. हुकूम, नियम, करार, आकडेमोड, काहीही. तो एकटा वाचला तर अगदी शहाणपणाचा वाटतो. तो कागद शोधायचा आणि सिनेमाभर त्याच्या मागे मागे जायचं. आपल्याकडे याला चांगला शब्द आहे: तर्कट. तर्क सोडलेला नसतो, उलट तो इतका ताणलेला असतो की माणूस त्याखाली चिरडून जातो.

ही युक्ती शिकण्यासाठी स्टॅन्ली क्युब्रिकचा 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' (१९६४). दीड तासाचा, कृष्णधवल. पीटर सेलर्स तीन भूमिका करतो, त्यामुळे चिठ्ठी इथे विशेष लागेल. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबावरून अणुयुद्ध होता होता राहिलं, त्याला पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा हा सिनेमा आला. लोकांच्या पोटातली भीती ताजी होती, आणि या गृहस्थाने त्यावर विनोदी सिनेमा काढला.

एका अमेरिकन हवाई तळाचा सेनापती भ्रमिष्ट होतो. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळतात ते साम्यवाद्यांचं कारस्थान, अशी त्याची खात्री. तो विमानांना रशियावर अणुबॉम्ब टाकायचा हुकूम देतो. वेडा माणूस एवढाच. पुढचे सगळे शहाणे, आणि सगळे नियमाने वागतात. हुकूम परत घ्यायला सांकेतिक अक्षरं लागतात, ती फक्त त्या सेनापतीला ठाऊक. तळाची नाकेबंदी केलेली, कारण तसा नियम आहे. इकडे रशियाने एक यंत्र बसवलंय: बॉम्ब पडला की आपोआप साऱ्या जगाचा नाश. अशा यंत्राचा उपयोग काय? शत्रूला ते माहीत असलं तर तो घाबरेल. पण रशियाने ते गुप्त ठेवलंय! का? तर त्यांच्या नेत्याला सोमवारी ते समारंभात जाहीर करायचं होतं. त्याला लोकांना चकित करायला आवडतं.

आणि फोनचं दृश्य. तळावरच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला ती अक्षरं सापडतात. जग वाचवायला त्याला राष्ट्राध्यक्षांना फोन करायचाय, पण सार्वजनिक फोनला घालायला चिल्लर पुरत नाही. कॉरिडॉरमध्ये कोका-कोलाचं यंत्र आहे. तो समोरच्या अमेरिकन कर्नलला म्हणतो, कुलपावर गोळी घाल, आतली नाणी काढ. कर्नल कचरतो: ती खासगी मालमत्ता आहे. बाहेर विमानं निघालेली, आणि हा माणूस यंत्राकडे बघतोय. शेवटी गोळी घालतो, पण बजावून: राष्ट्राध्यक्षांचा फोन लागला नाही तर कोका-कोला कंपनीला जबाब तू द्यायचास.

हे पाहताना आमचे सुभेदार काका, म्हणजे महूहून निवृत्त झालेले आणि आमच्या मागच्या गल्लीत राहणारे, इतके हसले की डोळे पुसायला लागले. महू इथून जेमतेम वीस-बावीस किलोमीटर, तिथे इन्फंट्री स्कूल आहे, त्यामुळे आमच्या बाजूला निवृत्त फौजी बरेच. मी विचारलं, एवढं काय हसायचं? म्हणाले, "ताई, रेंजवर गोळीबार झाला की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत कराव्या लागतात. एक पुंगळी कमी भरली. सगळी प्लाटून संध्याकाळपर्यंत गवतात ओणवी. साप निघाला दोनदा. अंधार पडल्यावर ती माझ्याच बुटाच्या खाचेत सापडली." मग थोडं थांबून म्हणाले, "मी सांगितलं नाही कुणाला. गवतात टाकली आणि दुसऱ्याला सापडू दिली."

म्हणून माझा आग्रह असा की मंडळीत एक तरी निवृत्त फौजी असावा. तो रागावेल अशी भीती मलाही होती. पण लष्करावर सगळ्यात मोकळेपणी हसतात ते लष्करातलेच.

पायरी तिसरी: राग येऊ द्या

हसून झालं की क्युब्रिकचाच आधीचा 'पाथ्स ऑफ ग्लोरी' (१९५७). दीड तासाहून थोडा कमी. पहिलं महायुद्ध, फ्रेंच सैन्य. एक टेकडी घ्यायची आहे, जी घेणं अशक्य आहे. सेनापती आधी म्हणतो, शक्यच नाही. मग वरिष्ठ हळूच बढतीचं बोलतो आणि दोन मिनिटांत ते शक्य होतं. आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते इथे राजवाड्यातून चाललंय: गुळगुळीत फरशी, गालिचे, तसबिरी. आणि थोड्या अंतरावर चिखलाचे खंदक. तुम्हाला काही सांगावं लागत नाही, कॅमेरा दोन्हीकडे तुम्हाला चालवत नेतो.

इथे कागद म्हणजे एक हिशोब आहे. सेनापती सांगतो: ५ टक्के माणसं आपल्याच तोफांनी मरतील, १० टक्के मधल्या मैदानात, २० टक्के काटेरी तारांपाशी. उरले ६५. टेकडी घेताना आणखी २५ टक्के. तरी ठाण मांडायला माणसं पुरतात! मी एकतीस वर्षं ताळेबंद जुळवले आहेत. हा ताळेबंद जुळतो, हेच भयंकर.

हल्ला फसतो. सेनापती चिडून आपल्याच खंदकांवर तोफा डागायचा हुकूम देतो, आणि तोफखान्याचा अधिकारी म्हणतो: लेखी द्या, सहीनिशी. साऱ्या सिनेमात कागदाने माणसं वाचवली ती इथेच. मला तेव्हा उठून त्याला नमस्कार करावासा वाटला. पुढे भ्याडपणाच्या आरोपाखाली तिघांना निवडून खटला चालवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण ही संन्याशांची निवडही रीतसर: एकाची चिठ्ठी निघते, एक कुणाला नकोसा असतो म्हणून, आणि एकाने आपल्या अधिकाऱ्याचं पाप पाहिलेलं असतं म्हणून. एकाची तर कवटी फुटलेली, तो बेशुद्ध. त्याला स्ट्रेचरवरून खांबाशी आणतात आणि गालाला चिमटे काढून जागा करतात, कारण मरताना माणूस शुद्धीवर हवा.

हे रचलेलं नाही. १९१५ मध्ये फ्रान्समध्ये सुआँ इथे चार कॉर्पोरलांना असंच उदाहरण घालून देण्यासाठी गोळ्या घातल्या होत्या. १९३४ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं. सिनेमा फ्रान्समध्ये १९७५ पर्यंत लागला नाही.

हा सिनेमा झाल्यावर लगेच चर्चा करू नका. चहा करा. शेवटी एक मुलगी गाते, ते डोक्यात थोडं राहू द्या.

याच पायरीवर, एखाद्या लांब सुट्टीच्या दिवशी, डेव्हिड लीनचा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७). पावणेतीन तासांच्या जवळ जातो; पाहुणे असले तरी चालतो, कारण वरवर तो साहसपट आहे. ब्रह्मदेशातल्या रेल्वेसाठी जपान्यांचे युद्धकैदी पूल बांधतात. ब्रिटिश कर्नल जिनिव्हा कराराचं पुस्तक पुढे करतो: अधिकाऱ्यांनी अंगमेहनत करायची नाही. जपानी अधिकारी तेच पुस्तक त्याच्या तोंडावर मारतो. कर्नल मरायला तयार होतो पण तत्त्व सोडत नाही, आणि तुम्ही त्याच्या प्रेमात पडता. मग तो शत्रूसाठीच उत्तम पूल बांधायला लागतो, कारण काम करायचं तर चोख करायचं. कोणत्या मिनिटाला तुमचं कौतुक भीतीत बदललं, ते घड्याळात बघून ठेवा. आमच्याकडे प्रत्येकाचं मिनिट वेगळं निघालं. पूल खरा बांधला होता, श्रीलंकेत, आणि तो खराच उडवला.

पायरी चौथी: वेड पांघरून पेडगावला

१९७० मध्ये दोन सिनेमे आले, रॉबर्ट ऑल्टमनचा 'मॅश' आणि माइक निकल्सचा 'कॅच-२२'. दोन्ही थोडक्यात सांगते, कारण दोन्ही मला अर्धेच आवडतात.

'मॅश' कोरियातल्या फिरत्या शस्त्रक्रिया-छावणीचा. बघणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा व्हिएतनाम होतं, आणि तो हिशोब धरूनच काढलेला. भोंग्यावरून होणाऱ्या घोषणा ऐका, सिनेमाचा जीव त्यात आहे. पण त्यातल्या नर्सशी ते डॉक्टर जसे वागतात ते आज पाहवत नाही, आणि "तो काळ तसा होता" म्हणून मी ते गिळणार नाही. मुलींना घेऊन बसलात तर हे आधी सांगा.

'कॅच-२२' मधला कागद मात्र जगप्रसिद्ध. वैमानिक वेडा असेल तर त्याला उड्डाणातून सूट मिळते. पण सूट त्याने मागायला हवी. आणि मागितली, म्हणजे त्याला जिवाची भीती आहे, म्हणजे तो शहाणा, म्हणजे सूट नाही. आपण 'वेड पांघरून पेडगावला जाणे' म्हणतो; इथे पेडगावचा रस्ताच बंद करून टाकलाय. आणि मायलो नावाचा मेसचा अधिकारी पाहा, जो हवाई छत्र्यांचं रेशीम विकतो आणि पुढे धंद्याच्या करारापोटी आपल्याच तळावर बॉम्ब पाडवतो. गोष्ट मागे-पुढे उड्या मारते. हरवलात तर घाबरू नका, सगळेच हरवतात.

पायरी पाचवी: नदीतून वर

फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) इथवर आल्यावरच. एक व्यवहाराची गोष्ट आधी: याच्या तीन प्रती फिरतात. मूळ सुमारे अडीच तासांची, २००१ ची 'रीडक्स' सव्वातीन तासांच्या वर, आणि २०१९ ची 'फायनल कट' साधारण तीन तासांची. पहिल्यांदा पाहताना मूळच घ्या. 'रीडक्स' मध्ये लय मोडते असं माझं मत आहे. पुढे प्रेमात पडलात तर बघालच. हा एकच सिनेमा मी सकाळी नव्हे, रात्री आठला लावते, आणि आवाज चांगला लागतो, म्हणून भाच्याचे स्पीकरही उसने आणते.

व्हिएतनामच्या युद्धात एका अमेरिकन अधिकाऱ्याला हुकूम मिळतो: नदीतून वर जा, आपलाच एक कर्नल वेडा झालाय, त्याला संपव. वाटेत जे भेटतात ते पाहिल्यावर या एकालाच वेडा का म्हणायचं, हे कळेनासं होतं. हेलिकॉप्टरांवर भोंगे लावून वाग्नरचं संगीत वाजवत एका गावावर हल्ला होतो. त्या गावाची निवड का? तर तिथे लाट चांगली उठते, फळीवर उभं राहून सर्फिंग करता येतं.

पण मला विचाराल तर खरा गाभा दो लाँगच्या पुलावर आहे. रात्र, दिव्यांच्या माळा, आग. हा पूल रोज बांधतात आणि शत्रू रोज रात्री तो उडवतो. का बांधायचा? रस्ता खुला आहे असं वरच्यांना म्हणता यावं म्हणून. आपला नायक एका सैनिकाला विचारतो, इथला मुख्य कोण? सैनिक त्याच्याकडे बघून म्हणतो, "तुम्हीच ना?" इतके दिवस आपण कागदाच्या मागे फिरतोय, हुकूम कुणी दिला ते शोधतोय, आणि इथे कागदच उरलेला नाही. हुकूम देणारं कोणी नाही, पाळणं मात्र चालू आहे. मी हे दृश्य दोनदा मागे नेऊन दाखवते. मंडळी कुरकुरतात.

चित्रीकरण फिलिपाइन्समध्ये झालं. हेलिकॉप्टरं तिथल्या सरकारची होती, आणि मधूनच खऱ्या बंडखोरांशी लढायला ती परत बोलावली जायची. वादळाने सेट उडवले, मुख्य नटाला हृदयविकाराचा झटका आला. शेवटाकडे एका रेड्याचा बळी आहे, तो खरा आहे. ज्यांना सोसणार नाही त्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे दोघी तेवढा वेळ गच्चीवर जातात.

'कम अँड सी' कधी?

आता. आणि अटींवर: सकाळी, सोबत कोणीतरी, पुढे दिवसभर काही ठरवलेलं नसताना. सोळा वर्षांखालचं कोणी नको. १९८५ चा सोव्हिएत सिनेमा, सव्वादोन तासांच्या वर. १९४३ चा बेलारूस, एक मुलगा वाळूतून बंदूक उकरून काढतो आणि आनंदाने लढायला जातो. त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहा, बाकी काही समजून घ्यायची गरज नाही. सुरुवातीचा पोरगेला चेहरा शेवटी म्हाताऱ्याचा झालेला असतो. नाझींनी बेलारूसमधली ६२८ गावं माणसांसकट जाळली, हे सिनेमाच शेवटी सांगतो. यात हसू नाही. कागदही शोधू नका. इतर वेळी सिनेमानंतर आम्ही रात्रीचे सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात जातो, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला. याच्यानंतर नाही गेलो. दुसऱ्या खेपेला वहिनी मात्र शेवटपर्यंत बसल्या.

शेवटची पायरी: घरी या

परदेशी सिनेमे पाहून "ते लोकच तसे" असं वाटायला लागतं. त्यावर उतारा इंदुरातच आहे. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या उज्जैनला धडक दिली. ऑक्टोबरात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी आपलं हे इंदूर लुटलं. म्हणजे राजवाड्याच्या आसपास मराठी बोलत लुटणारे आणि मराठी बोलत लुटले जाणारे. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबर १८०२ ला, पुण्याशेजारी हडपसरला होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. पेशवा पळाला आणि डिसेंबर संपता संपता वसईला इंग्रजांशी तह करून बसला. यशवंतराव पुढे इंग्रजांशी जिद्दीने लढले, आणि मग भानपुऱ्याला तोफा ओतायच्या कारखान्यात स्वतःला जाळत राहिले. शेवटची वर्षं बुद्धिभ्रंशात गेली. १८११ मध्ये तिथेच वारले. भट्टीसमोर उभा तो माणूस माझ्या डोक्यातल्या सिनेमात कधीचा आहे.

पडद्यावरचा आपला सिनेमा म्हणून मी 'क्या दिल्ली क्या लाहौर' (२०१४) लावते, विजय राजने दिग्दर्शित केलेला. १९४८, सरहद्दीवरची चौकी. पाकिस्तानी कप्तान आपल्या उरलेल्या एकुलत्या एक शिपायाला पाठवतो: भारतीय चौकीतून एक फाइल आण. कसली? तर दिल्लीहून लाहोरपर्यंत म्हणे बोगदा खणला जातोय, त्याची. चौकीत भेटतो तो एक आचारी. फाळणीने दिल्लीच्या माणसाला पाकिस्तानी शिपाई केलंय आणि लाहोरच्या माणसाला भारतीय आचारी. पहिल्या पायरीवरचा खंदक आठवत असेल तर हा सिनेमा दुप्पट चढतो. थोडा नाटकी आहे, संवाद कधी कधी पाठ केल्यासारखे वाटतात, तरी माझ्या यादीत शेवटचा हाच. सबटायटल्स लागत नाहीत, वहिनी पहिल्या रांगेत बसतात, आणि सुभेदार काका दोन्ही बाजूंना रणनीतीचे सल्ले देतात.

गेल्या वेळी आईला मध्ये डुलकी लागली. जाग आली तेव्हा नावं वर सरकत होती आणि सगळे गप्प होते. ती म्हणाली, "मग ती फाइल सापडली का गं?"